ट्रॅक सर्किट: रूळ रिकामा आहे हे यंत्रणेला कसं कळतं

सिग्नलच्या कामात नव्याने आलेल्या माणसाच्या डोक्यातून आधी एक गोष्ट काढावी लागते. ट्रॅक सर्किट गाडी शोधत नाही. रूळ रिकामा आहे, एवढंच ते सतत सांगत असतं. ते सांगणं थांबलं की तिथे गाडी आहे असं यंत्रणा धरून चालते. गाडी खरंच आली असेल, बॅटरी उतरली असेल, वायर निखळली असेल किंवा रूळच तुटला असेल. परिणाम एकच, त्या भागाचं रक्षण करणारा सिग्नल लाल.

अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी आधी केलेली रचना याच्या उलट होती. गाडी आली की सर्किट पूर्ण व्हायचं आणि सिग्नल बदलायचा. पण वायर तुटली की गाडी येऊनही काहीच घडायचं नाही, आणि वायर तुटली आहे हे कळायलाही मार्ग नव्हता. १८७२ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं ते वीज अखंड वाहत राहणाऱ्या सर्किटाचं. रूळ रिकामा असताना रिले (वीज मिळाली की उचलला जाणारा, वीज गेली की पडणारा चुंबकी स्विच) उचललेला, गाडी आली की पडलेला. त्यानंतर वीजपुरवठा बदलला, रिले बदलले, इलेक्ट्रॉनिक्स आलं. हे तत्त्व मात्र तसंच आहे.

या लेखात साध्या डीसी ट्रॅक सर्किटाची जुळवणी, ॲडजस्टमेंट, चाचणी आणि बिघाड शोधणं क्रमाने पाहू. डीसी नीट समजलं की बाकीचे प्रकार समजायला फार वेळ लागत नाही.

विजेचा रस्ता

रुळांचा एक तुकडा दोन्ही टोकांना इन्सुलेटेड जॉइंट टाकून शेजारच्या रुळांपासून वेगळा करतात. एका टोकाला फीड एंड: बॅटरी, तिला चार्जर, आणि बॅटरी व रूळ यांच्यामध्ये एक कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर. दुसऱ्या टोकाला रिले एंड, म्हणजे दोन रुळांच्या मध्ये जोडलेली ट्रॅक रिलेची कॉइल. बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून फीड रेझिस्टर, एक रूळ, रिले, दुसरा रूळ आणि परत निगेटिव्ह, असा हा फेरा. गाडी आत आली की तिच्या चाकजोड्या दोन्ही रूळ एकमेकांना जोडतात आणि रिले पडतो.

रिले का पडतो, हे विचारलं की बहुतेक जण सांगतात, ‘करंट सोप्या वाटेने चाकांतून जातो, रिलेकडे उरत नाही.’ हे उत्तर अर्धवट आहे. बॅटरी रुळांना थेट जोडली असती, तर चाकं आल्यावरही रुळांमध्ये जवळपास पूर्ण व्होल्टेज राहिलं असतं आणि रिले आरामात उचललेला राहिला असता. समांतर जोडणीत एका फांदीतून जास्त करंट गेला म्हणून दुसरीतला आपोआप कमी होत नाही. तो कमी होतो फीड रेझिस्टरमुळे. चाकांमुळे एकूण करंट वाढतो, वाढलेला करंट फीड रेझिस्टरमध्ये जास्त व्होल्टेज खातो आणि रुळांवर व्होल्टेज उरतच नाही. म्हणजे गाडी ओळखण्याची सगळी मदार त्या खोक्यातल्या साध्या रेझिस्टरवर आहे. म्हणूनच त्याच्याशी खेळणं सगळ्यात धोक्याचं.

तीन अवस्था, आकड्यांत

एक उदाहरण घेऊ आणि पुढे लेखभर तेच वापरू. बॅटरी २.२ व्होल्ट. फीड रेझिस्टर ५ ओहम. रिले ९ ओहमचा, ०.५० व्होल्टला उचलणारा (पिकअप) आणि ०.३४ व्होल्टला पडणारा (ड्रॉप). सर्किटाची लांबी ४०० मीटर. रुळांचा स्वतःचा रेझिस्टन्स सोडून देऊ.

दोन रुळांमध्ये खडी आणि स्लीपरमधून थोडी वीज नेहमीच गळत असते. ही गळती बॅलास्ट रेझिस्टन्समध्ये मोजतात आणि तिचं एकक ओहम-किलोमीटर. यार्डात हा आकडा २ च्या खाली जाऊ नये, असा एक रूढ दंडक आहे. २ ओहम-किमी धरले तर ०.४ किमीसाठी २ भागिले ०.४, म्हणजे ५ ओहम. लांबी वाढली की गळतीच्या वाटा वाढतात आणि रेझिस्टन्स कमी होतो; इथे भागाकार करायचा असतो, गुणाकार नाही. नवशिके नेमके इथेच चुकतात.

पावसात, खडी ५ ओहमची असताना, रिलेला ०.८६ व्होल्ट मिळतात. पिकअपच्या सुमारे १७२ टक्के, म्हणजे रिले निवांत उचललेला.

कडक उन्हात गळती जवळपास शून्य. रिलेला १.४१ व्होल्ट, म्हणजे पिकअपच्या २८३ टक्के.

आता उन्हातच रुळांवर ०.५ ओहमचा शंट, म्हणजे चाकांच्या जागी दोन्ही रूळ जोडणारा चाचणीचा रेझिस्टर, टाकू. रिलेवर उरतात ०.१९ व्होल्ट. ड्रॉपच्या ०.३४ पेक्षा बरेच खाली, रिले पडला.

या तीन आकड्यांतच सगळं ॲडजस्टमेंट आलं. खडी सगळ्यात ओली असताना रिले उचललेला राहायला हवा आणि खडी सगळ्यात कोरडी असताना शंटने पडायला हवा. पहिली अट मोडली तर गाड्या खोळंबतात. दुसरी मोडली तर गाडी असून दिसत नाही.

०.५ ओहम हा आकडा भारतात आणि ब्रिटनमध्ये शंट चाचणीसाठी रूढ आहे, अमेरिकेत ०.०६ ओहम वापरतात. चाकजोडीच्या पोलादाचा रेझिस्टन्स याच्या मानाने नगण्य असतो. ०.५ चा आकडा आहे तो चाक आणि रूळ यांच्या स्पर्शातल्या खराबीची तरतूद म्हणून.

रूळ तयार करणं

वायरिंगला हात लावण्याआधी रूळ पाहा. निम्म्याहून जास्त त्रास रिले रूमच्या बाहेरचाच असतो.

स्लीपर: लोखंडी स्लीपर दोन्ही रूळ एकमेकांना जोडतात, त्यामुळे तिथे साधं ट्रॅक सर्किट चालत नाही. लाकडी कोरडे असेपर्यंत चांगले. काँक्रीट स्लीपरवर रुळाखालचा रबर पॅड आणि क्लिपखालचे नायलॉनचे लायनर हेच इन्सुलेशन असतं. मशीनने खडी ठोकताना किंवा क्लिप घाईत बसवताना लायनर फुटतात. एखाद्या स्लीपरवर एका बाजूचा लायनर फुटला तर काही बिघडत नाही. अशा फुटक्या जागा दोन्ही बाजूंना वाढत गेल्या की गळती हळूहळू चढते आणि पहिल्या पावसात सर्किट बंद पडतं.

खडी: स्वच्छ हवी आणि रुळाच्या पायाला टेकलेली नको. मध्ये बोटभर का होईना, मोकळी हवा दिसली पाहिजे. फलाटाच्या कडेला, मालधक्क्यावर, गाड्या धुण्याच्या लाइनवर घाण साचते, त्यात ओल आणि क्षार मिसळले की खडी गळकी होते. मिठाची किंवा खताची चढउतार होते तिथली खडी तर कोरडी कधी होतच नाही. अशा जागी निचऱ्याची गटारं साफ करण्याने जे साधतं, ते रिले बदलून साधत नाही.

बॉण्ड: वेल्डिंग न केलेल्या प्रत्येक सांध्यावर फिशप्लेटवर, म्हणजे दोन रूळ बोल्टने जोडणाऱ्या पट्टीवर, भरवसा ठेवू नका. आज ती वीज वाहून नेते, पण आतून गंज धरला की नेणार नाही. सांध्याला समांतर दोन गॅल्व्हनाइज्ड तारा, रुळाच्या पोटात भोक पाडून पिन ठोकून बसवतात. दोन असतात कारण एक तुटणारच, आणि पाहणीत ती दिसेपर्यंत दुसरीने काम चालवायचं असतं. भोक पाडलं की पिन लगेच ठोकावी. उघडं भोक रात्रभर राहिलं तर आत गंजाचा थर बसतो आणि पिन बाहेरून घट्ट पण आतून सैल राहते.

इन्सुलेटेड जॉइंट: दोन रुळांच्या टोकांमध्ये इन्सुलेशनची एंड पोस्ट, फिशप्लेट आणि बोल्टभोवती इन्सुलेशन. पक्कं काम हवं असेल तर ग्लूड जॉइंट, ज्यात हे सगळं चिकटवून एकसंध केलेलं असतं. या जॉइंटचे दोन जुने शत्रू आहेत. चाकांच्या दाबाने रुळाच्या डोक्याचं पोलाद ओठासारखं पुढे सरकतं आणि समोरच्या रुळाला टेकतं; तो ओठ वेळेवर घासून काढावा लागतो. दुसरा शत्रू म्हणजे लोखंडाचा चुरा. रुळांची टोकं थोडी चुंबकीय झालेली असतात, ब्रेकच्या झिजेतून उडालेला चुरा फटीवर येऊन चिकटतो आणि फटीवर पूल बांधतो. साधा ब्रश मारला की असं सर्किट सुधारतं, आणि मग कारण न सापडल्याची नोंद होते.

पोलॅरिटी उलटसुलट ठेवणं

शेजारच्या दोन सर्किटांची पोलॅरिटी उलट हवी. एकात डावा रूळ पॉझिटिव्ह असेल तर पुढच्यात उजवा. दोन्ही बाजूंचे जॉइंट फुटले आणि पोलॅरिटी सारखी असली, तर शेजारच्या सर्किटाचा फीड या सर्किटाच्या रिलेला धरून ठेवू शकतो, विशेषतः रिले जॉइंटजवळ आणि गाडी दूरच्या टोकाला असताना. पोलॅरिटी उलट असली की दोन्ही व्होल्टेज एकमेकांना मारतात आणि रिले पडून बिघाड उघड होतो.

तपासायचं सोपं आहे. मीटरची लाल पिन कायम एकाच बाजूच्या रुळावर धरा. जॉइंटच्या अलीकडे मोजा, पलीकडे मोजा. चिन्ह बदललं पाहिजे.

मात्र उलट पोलॅरिटी म्हणजे सगळं पकडलं जातं असं नाही. दोन्ही रूळ इन्सुलेट केलेल्या सर्किटात एकच जॉइंट फुटला तर परतीचा रस्ता नसल्यामुळे काहीच घडत नाही. दुसरा फुटेपर्यंत तो गुपचूप राहतो. म्हणून प्रत्येक जॉइंट स्वतंत्र तपासण्याला पर्याय नाही.

ॲडजस्टमेंट

१. फीड रेझिस्टर सगळ्यात जास्त मूल्यावर ठेवून बॅटरी जोडा. बॅटरीचं व्होल्टेज चार्जर चालू आणि चार्जर बंद, दोन्ही वेळा मोजून लिहा.

२. रेझिस्टर हळूहळू कमी करत रिलेच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज पाहा. खडी ओली असताना ते पिकअपच्या किमान १२५ टक्के व्हायला हवं. आपल्या उदाहरणात ०.६२५ व्होल्ट.

३. कोरड्या दिवशी परत या. रिलेवरचं व्होल्टेज त्या जातीच्या रिलेला दिलेल्या कमाल मर्यादेत आहे का पाहा. रिलेत गरजेपेक्षा जास्त चुंबकत्व भरलं की तो पडायला वेळ लावतो.

४. ०.५ ओहमचा शंट लावून रिलेवरचं व्होल्टेज मोजा. ते ड्रॉपच्या ८५ टक्क्यांपेक्षा कमी हवं. इथे ०.२८९. नुसता रिले पडला म्हणून समाधान मानू नका, आकडा बघा.

५. शंट रिले एंडला, फीड एंडला, मध्ये आणि पॉइंटच्या, म्हणजे गाडी एका लाइनवरून दुसरीवर वळते त्या जागेच्या, प्रत्येक फांदीवर लावा. शंटची टोकं टेकवण्याआधी रूळ घासून चकचकीत करा, नाहीतर शंटऐवजी गंज मोजला जातो.

६. प्रत्येक आकडा तारखेसह आणि खडी ओली की कोरडी या नोंदीसह लिहा. कोरड्या दिवसाचे आकडे ओल्या दिवसाच्या आकड्यांशी ताडून काही कळत नाही.

आता नेहमी होणारी चूक. मुसळधार पावसात रिले पडतो, गाड्या अडतात, फोनवर फोन येतात. कुणीतरी फीड रेझिस्टर ५ वरून २ ओहमवर आणतो, रिले उचलतो, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. पाऊस थांबतो. रेझिस्टर तसाच राहतो. कोरड्या खडीत, २ ओहमवर, ०.५ चा शंट लावला तर रिलेवर ०.४२ व्होल्ट राहतात. पिकअप ०.५०, ड्रॉप ०.३४. म्हणजे आधीच उचललेला रिले उचललेलाच राहतो!

यात आणखी एक मेख आहे. तपासायला आलेल्या माणसाने आधी फीड काढला, शंट लावला आणि मग फीड जोडला, तर ०.४२ व्होल्टवर रिले उचलणार नाही आणि चाचणी पास वाटेल. म्हणून शंट चाचणी नेहमी रिले उचललेल्या स्थितीतून सुरू करायची. रेझिस्टर १ ओहमवर नेला तर रिलेवर ०.७१ व्होल्ट राहतात. मग शंट असताना रिले पडत तर नाहीच, पडलेला असेल तर उचलतोसुद्धा. या सर्किटासाठी सुमारे ३.१ ओहमच्या खाली जायला जागाच नाही. असा किमान आकडा प्रत्येक सर्किटासाठी काढून खोक्याच्या दारावर लिहून ठेवावा, रात्रीच्या पाळीच्या माणसाला त्याचा उपयोग होतो.

पावसाळ्यातली दुसरी नेहमीची तक्रार, ‘पाऊस ओसरला तरी सर्किट येत नाही’, तीही याच आकड्यांतून सुटते. ५ ओहमवर खडी १.०२ ओहमपर्यंत घसरली की रिले पडतो. पण परत उचलायला ती १.७६ ओहमपर्यंत सुकावी लागते. पडण्याचं आणि उचलण्याचं व्होल्टेज वेगळं असल्यामुळे मधला काळ थांबावंच लागतं.

पॉइंट असलेलं सर्किट

पॉइंटमध्ये रूळ फुटतात, एकमेकांना ओलांडतात, म्हणून आत आणखी इन्सुलेटेड जॉइंट आणि जम्पर (रुळांचे तुकडे जोडणाऱ्या तारा) लागतात. स्ट्रेचर बार, गेज टाय प्लेट, पॉइंट मशीनचे रॉड या सगळ्यांत इन्सुलेशन असावं लागतं, कारण ते दोन्ही रुळांना जोडणारे लोखंडी तुकडे आहेत.

फांदीचे रूळ समांतर जोडले, तर जम्पर तुटल्यावर फांदी सर्किटापासून वेगळी पडते, मुख्य लाइनवरचा रिले उचललेलाच राहतो आणि फांदीवर उभी असलेली गाडी कुणाला दिसत नाही. सीरिज जोडणीत वीज फांदीतून फिरूनच रिलेकडे जाते. जम्पर तुटला की रिले पडतो. शक्य तिथे सीरिजच करावं. समांतर करावंच लागलं, तर फांदीचे जम्पर दुहेरी ठेवावेत आणि शंट चाचणी फांदीच्या अगदी टोकाला करावी.

फांदीवरचा जॉइंट फाउलिंग मार्कच्या, म्हणजे ज्याच्या आत उभी गाडी शेजारच्या लाइनला अडते त्या खुणेच्या, पुरेसा पलीकडे हवा. डब्याचं टोक शेवटच्या चाकाच्या बरंच पुढे लोंबतं. चाक सर्किटाबाहेर गेलं म्हणजे डबा शेजारच्या लाइनपासून सुटला असं होत नाही.

लांबीलाही दोन्ही बाजूंनी मर्यादा आहे. डब्याच्या दोन बोग्यांमधल्या (डब्याखालच्या पुढच्या आणि मागच्या चाकसंचांमधल्या) अंतरापेक्षा सर्किट लहान असेल, तर पुढची बोगी पलीकडे आणि मागची अलीकडे असताना डबा त्यातून गायब होतो. वरची मर्यादा खडी ठरवते: लांबी दुप्पट केली की गळती दुप्पट.

चाक आणि रूळ यांच्यामधला थर

शंट चाचणी पास झाली तरी खरी गाडी दिसेलच असं नाही, कारण खरा शंट चाकाच्या स्पर्शातून होतो. रोज गाड्या जाणारा रूळ आरशासारखा चकाकतो. आठवड्यातून एखादी गाडी जाणाऱ्या साइडिंगवर गंजाचा थर असतो, आणि रुळांवरचं व्होल्ट-दीड व्होल्ट तो थर फोडू शकत नाही. जड मालगाडी गंज चिरडते, हलकी एकटी मोटर गाडी चिरडत नाही. पानगळीत रुळांवर पानांचा लगदा दाबून बसतो. चढावर चाकं घसरू नयेत म्हणून टाकलेली वाळू जास्त झाली तर तीही इन्सुलेटर होते. ब्रेकचे ठोकळे चाकाच्या पृष्ठावर घासतात तेव्हा चाक आपसूक साफ होतं. डिस्क ब्रेकच्या गाड्यांत ती सफाई होत नाही. ब्रेक सुधारले आणि सिग्नलवाल्यांचं काम वाढलं!

उपाय जागेप्रमाणे. गंजणाऱ्या लाइनवर उच्च व्होल्टेजच्या झटक्यांचं सर्किट वापरतात. थोडा वेळ टिकणारा पण मोठा झटका गंजाचा थर फोडतो. काही ठिकाणी रुळाच्या डोक्यावर स्टेनलेस स्टीलची पट्टी वेल्डिंगने चढवतात. आणि क्षणभर संपर्क सुटून रिले उचलला तरी पुढच्या यंत्रणेला लगेच कळू नये म्हणून ट्रॅक रिलेचा रिपीटर मुद्दाम उशिरा उचलणारा ठेवतात. पडताना मात्र तो उशीर करत नाही.

देखभालीची काही ढकलगाडी जातीची वाहनं इन्सुलेटेड चाकांची असतात. ती ट्रॅक सर्किटाला दिसत नाहीत, दिसावीत अशी अपेक्षाही नसते. त्यांचं संरक्षण नियमाने करायचं, सिग्नल चालवणाऱ्याच्या पॅनेलवरच्या दिव्याने नाही.

विजेवर चालणाऱ्या लाइनवर

इथे ट्रॅक्शनचा, म्हणजे गाडी ओढणाऱ्या विजेचा, शेकडो अँपिअरचा परतीचा करंट त्याच रुळांतून जातो. नियम असा, की ट्रॅक्शन ज्या जातीचं, ट्रॅक सर्किट त्या जातीचं नको. ओव्हरहेड एसी असेल तर डीसी सर्किट चालतं, पण एसीला न जुमानणारा रिले आणि फीडमध्ये चोक लागतो. सोप्या रचनेत एकच रूळ इन्सुलेट करतात आणि दुसरा ट्रॅक्शनसाठी अखंड सोडतात. दोन्ही रूळ ट्रॅक्शनला हवे असतील तर जॉइंटवर इम्पिडन्स बॉण्ड बसवतात: ट्रॅक्शनचा करंट दोन्ही रुळांतून समान आला तर तो वाट देतो, सिग्नलच्या करंटला मात्र अडवतो.

लांब वेल्डेड रुळांवर जॉइंट कापायचे नसतील तर ऑडिओ फ्रीक्वेन्सीची सर्किटं. शेजारच्या सर्किटांना वेगळ्या फ्रीक्वेन्सी देतात, उदाहरणार्थ १७००, २०००, २३०० आणि २६०० हर्ट्झ, आणि टोकांना ट्यूनिंग युनिट बसवून प्रत्येक फ्रीक्वेन्सी तिथेच रोखतात. इथे हद्द रुळावरच्या रेघेसारखी नेमकी नसते, ट्यून केलेल्या पट्ट्यात कुठेतरी असते. दुरुस्तीनंतर ट्यूनिंगच्या केबलची लांबी किंवा जागा बदलली तरी ॲडजस्टमेंट बिघडते.

बिघाड शोधणं

पॅनेलवर सर्किट लाल आहे. पहिलं काम मीटर काढणं नाही. तिथे खरंच गाडी, सुटलेला डबा किंवा राहिलेली ट्रॉली नाही ना, हे डोळ्यांनी पाहणं. स्टेशनवरच्या जबाबदार माणसाला कळवल्याशिवाय आणि नियमाप्रमाणे परवानगी घेतल्याशिवाय खोकं उघडायचं नाही.

मग फीड एंडला दोन आकडे घ्या: रुळांमधलं व्होल्टेज आणि फीडचा करंट. उदाहरणातलं निरोगी सर्किट कोरड्यात १.४१ व्होल्ट आणि ०.१६ अँपिअर दाखवतं, ओल्यात ०.८६ व्होल्ट आणि ०.२७ अँपिअर.

करंट ०.४४ च्या आसपास आणि व्होल्टेज जवळपास शून्य: कुठेतरी शॉर्ट. पॉइंटच्या रॉडचं इन्सुलेशन, इन्सुलेटेड जॉइंट, रुळांवर आडवी पडलेली तार किंवा सळई.

करंट अगदी कमी आणि व्होल्टेज २.२ च्या जवळ: रस्ता तुटला. बॉण्ड, जम्पर, केबल किंवा रूळ. रूळ तुटला असण्याची शक्यता कधीच शेवटी ठेवू नका, खासकरून थंडीच्या पहाटे. आणि उलटही लक्षात असू द्या: तुटलेला रूळ ट्रॅक सर्किट पकडतंच असं नाही. फिशप्लेट, बॉण्ड किंवा ट्रॅक्शनचा जोड तुटलेल्या जागेला वळसा घालून वीज नेऊ शकतो.

करंट थोडा वाढलेला, व्होल्टेज थोडं घटलेलं: खडी गळते आहे.

फीड आणि रिले दोन्ही टोकांना रुळांवर व्होल्टेज चांगलं, तरी रिले पडलेला: रुळाकडून रिलेकडे जाणारी केबल, फ्यूज किंवा खुद्द कॉइल. कॉइल तुटली असेल तर रुळांवरचं व्होल्टेज नेहमीपेक्षा वाढलेलं दिसतं.

शॉर्टची जागा शोधायला सर्किट निम्म्यावर तोडत जाण्यापेक्षा रुळाभोवती लावायचा करंट मोजण्याचा प्रोब बरा. फीडकडून चालत निघा. शॉर्टपर्यंत करंट भरपूर, त्याच्या पलीकडे एकदम नाहीसा. पॉइंटमध्ये पोचलात तर रॉडचं इन्सुलेशन एकेक करून मोकळं करा. ज्याला हात लावल्यावर रिले उचलला, तो चोर. तुटलेला रस्ता शोधायला व्होल्टमीटर पुरे: रुळांमधलं व्होल्टेज मोजत चला. जिथे अलीकडे आहे आणि पलीकडे नाही, तो सांधा खाली वाकून बघा. पिन हाताने हलते का, तार रुळाच्या पायाशी घासून अर्धी झाली आहे का.

अधूनमधून येणारा-जाणारा बिघाड दुपारी शोधून सापडत नाही. उन्हाने रूळ लांबतो तेव्हा फट मिटते, रात्री उघडते. ज्या वेळी नोंद झाली त्याच वेळी जाऊन मोजा.

डीसीत एक फसवी गोष्ट आहे: घाण, ओली खडी आणि काँक्रीट थोडं बॅटरीसारखं वागतात. फीड काढल्यावरही रुळांमध्ये काही व्होल्टेज उरतं. नव्या जागी सर्किट टाकण्याआधी, आणि रिले पडायला रेंगाळत असेल तर, फीड काढून हे उरलेलं व्होल्टेज जरूर मोजा. ड्रॉपच्या मानाने ते नगण्यच हवं.

उलट बाजूचा बिघाड

रूळ रिकामा असून लाल दिसणं त्रासाचं. गाडी असून रिकामं दिसणं जीवघेणं. १२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनजवळ क्लॅपहॅम जंक्शनला ३५ माणसं गेली. रुळांवरचं सर्किट ठीक होतं. नव्या वायरिंगच्या वेळी जुनी वायर पूर्ण काढली किंवा छाटून इन्सुलेट केली नव्हती. ती परत टर्मिनलला टेकली, तिने सिग्नलच्या रिलेला चुकीची वीज दिली आणि पुढे गाडी असूनही सिग्नल लाल झाला नाही. २२ जून २००९ रोजी वॉशिंग्टन मेट्रोच्या फोर्ट टॉटन स्टेशनजवळ ९ जण मेले. तिथल्या ऑडिओ फ्रीक्वेन्सी सर्किटात ट्रान्समीटर आणि रिसीव्हरच्या मध्ये रुळांना वगळून भलतीच आंदोलनं पोचत होती, रिसीव्हर त्यांनाच खरा सिग्नल समजत होता, आणि उभी गाडी यंत्रणेला दिसली नाही. त्या सर्किटाचा इम्पिडन्स बॉण्ड पाचच दिवस आधी बदललेला होता.

दोन्ही ठिकाणी आधी काम झालेलं होतं. म्हणून दुरुस्ती संपली की रिले उचलला हे पाहून निघायचं नाही. चाचणीसाठी लावलेल्या क्लिपा आणि जम्पर मोजून परत पिशवीत टाका. काढलेल्या प्रत्येक वायरचं टोक दोन्हीकडून काढलं का पाहा, आणि टर्मिनलवरच्या वायरी नकाशाशी मोजून घ्या, शक्य असेल तर दुसऱ्या माणसाकडून. रिले उचललेला असताना ०.५ चा शंट पुन्हा लावा, आधी फीड एंड, मग रिले एंड, मग फांद्या. प्रत्येक वेळी पॅनेलवरच्या माणसाला फोन करून विचारा की नेमकं हेच सर्किट लाल झालं का, शेजारचं तर नाही ना. तो ‘हेच’ म्हणाला की शंट काढा, सर्किट परत आल्याचं त्याच्याकडून ऐका, आकडे लिहा आणि खोक्याला कुलूप लावा.